पोर जेवत नाही? आधी वाफसा पाहा!

दिवेलागणीची वेळ आहे. तुम्ही दोघेही नुकतेच रानातून आला आहात. जनावरांना वैरण टाकून झाली, धार काढून झाली. भाकरी तव्यावरून उतरली, मेथीची भाजी शिजली, वरणाला फोडणी बसली. ताटे वाढली जातात आणि सात वर्षांचे पोर ताटाकडे एक नजर टाकून म्हणते, "मला नको. भूक नाही."

मग रोजचाच तमाशा सुरू होतो. आई म्हणते, "दोन घास तरी खा रे, राजा." वडील डोळे वटारतात, "खायचं नसंल तर ऊठ ताटावरनं!" आजीच्या पोटात कालवते. ती म्हणते, "असू दे गं सूनबाई, लेकरू हाय. साखर घालून पोळी गुंडाळून दे त्याला." अखेर पोर साखर-पोळीची सुरळी घेऊन मोबाईलपुढे बसते, मेथी आईच्या ताटात जाते, आणि सगळे घर म्हणते, "काय करावं, आमचं पोर काही खातच नाही बघा!"

वाचकहो, हे चित्र तुमच्या ओळखीचे आहे ना? मग आता त्याच दिवशी थोडे मागे जाऊ. शाळा सुटली तशी पोराने दप्तर ओट्यावर फेकले आणि आजीचा पदर धरला, "आज्जे, पाच रुपये दे की गं!" कोपऱ्यावरच्या दुकानात दाराशीच पुड्यांच्या माळा टांगलेल्या. एक पुडी तिथेच उभ्याउभ्या संपली. पाचच्या सुमारास घरात चहा झाला, त्यात दोन टोस्ट बुडवून खाल्ले. सहाला शेजारच्या पोराबरोबर अर्धा बिस्किटाचा पुडा गेला. साडेसातला ताट पुढे आले तेव्हा पोर खोटे बोलत नव्हते. त्याला खरोखरच भूक नव्हती!

तुम्ही शेतकरी आहात. जमिनीला वाफसा नसताना तुम्ही कधी पेरता का? बियाणे कितीही भारी असो, खत कितीही घातलेले असो, वाफसा नसेल तर पेरणी वाया जाते, हे तुम्हाला कोणी शिकवावे लागत नाही. मुलाच्या पोटाचेही तसेच आहे. भूक हा पोटाचा वाफसा. तो मोडून ठेवायचा आणि मग ताटावर बसून आरडाओरडा करायचा, यात पोराचा दोष किती आणि आपला किती, याचा विचार आज करू या.

हा विचार का करायचा?

कोणी म्हणेल, "आमच्या वेळी कुठे होते हे कौतुक? वाढलोच की आम्ही." वाढलो खरे; पण सगळेच वाढले नाहीत, आणि जे वाढले ते सगळेच धडधाकट वाढले असेही नाही. आज काय स्थिती आहे ते पाहा. २०१९ ते २०२१ या काळात देशभर राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची पाचवी फेरी झाली. तिच्यात महाराष्ट्रातील सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या दर १०० मुलांपैकी सुमारे ६९ मुलांच्या अंगात रक्त कमी आढळले. त्याआधीच्या, म्हणजे २०१५-१६ च्या फेरीत हाच आकडा सुमारे ५४ होता. म्हणजे परिस्थिती सुधारण्याऐवजी बिघडली. पाच वर्षांखालील दर १०० मुलांत सुमारे ३५ मुले वयाच्या मानाने बुटकी भरली.

रक्त कमी होण्याला कारणे पुष्कळ आहेत. पोटातले जंत आहेत, हिवताप आहे, विदर्भात व आदिवासी भागांत काही घराण्यांतून सिकलसेलचा आजार आहे. परंतु रोजच्या खाण्यात लोह कमी असणे हे मोठे कारण आहे. असे मूल लवकर दमते, चिडचिड करते, वर्गात त्याचे लक्ष लागत नाही. काही मुले तर माती, खडू, भिंतीचे पोपडे खातात. आपण त्यांना खोडकर म्हणून मारतो, पण माती खाणे ही पुष्कळदा अंगात लोह कमी असल्याची खूण असते. अशा मुलाला मारू नका. प्राथमिक आरोग्य केंद्रात नेऊन रक्त तपासून घ्या.

दुःखाची गोष्ट अशी की, हे ज्या घरांत घडते त्यांतल्या पुष्कळ घरांत अन्न पिकते. सकाळचे दूध डेअरीवर जाते, संध्याकाळचेही जाते. अंडी बाजारात जातात. भाजीची जुडी पहाटेच टेम्पोत चढते. आलेल्या पैशातून पोराला पुडी मिळते. त्या पुडीत असते काय? मक्या-तांदळाचे पीठ, तेल, मीठ आणि मसाला. मका कदाचित तुमच्याच शिवारातला असेल! तो तुम्ही पोत्याने विकला आणि चिमटीने विकत आणला.

हिशेब करून पाहा. घरात दोन मुले, प्रत्येकाला रोज पाच रुपयांची एक पुडी. रोजचे १० रुपये झाले. वर्षाचे झाले ३,६५०! एवढ्या पैशात तुमच्या बाजारी गावठी कोंबड्या किती येतील, ते तुम्हीच मोजा. त्या कोंबड्या अंडी देतील. पुडीचा रिकामा कागद मात्र उकिरड्यावर वर्षानुवर्षे तसाच पडून राहील.

पहिली गोष्ट : खाण्याच्या वेळा बांधा

मुलाचे पोट लहान असते. आपल्यासारखे दोन वेळा पोटभर जेवून त्याचे भागत नाही. त्याला तीन जेवणे आणि मध्ये दोन वेळा थोडे खाणे लागते. पण या पाच वेळा ठरलेल्या असाव्यात. दिवसभर चरत राहणारे पोर कोणत्याच वेळी नीट जेवत नाही.

साधे वेळापत्रक असे ठेवता येईल. सकाळी शाळेत जाण्यापूर्वी भाकरी-दूध, नाहीतर भाकरी आणि रात्रीची उसळ गरम करून. दुपारी शाळेतले जेवण. शाळा सुटल्यावर एक खाणे. रात्री सगळ्यांबरोबर जेवण. दूध असेल तर निजताना अर्धा पेला. ज्या दिवशी शाळा नसेल त्या दिवशी दुपारचे जेवण तुमच्याबरोबर रानात.

यातले शाळा सुटल्यानंतरचे खाणे सर्वांत महत्त्वाचे. तेव्हा पोर खरोखर भुकेले असते, म्हणजे वाफसा अगदी बरोबर असतो, आणि नेमका तोच दुकानदाराच्या वाट्याला जातो! त्या वेळी तुम्ही दोघेही रानात असता, हे खरे आहे. सुगीच्या दिवसांत तर श्वास घ्यायला सवड नसते. म्हणून सकाळीच एका डब्यात काहीतरी भरून पोराचा हात पोचेल अशा जागी ठेवून जा. उकडलेले रताळे, भाजलेले शेंगदाणे आणि गुळाचा लहानसा खडा, ज्वारीच्या लाह्यांचा चिवडा, फुटाणे, मुरमुरे, सकाळची भाकरी कुस्करून त्यात दही. हंगामाप्रमाणे बोरे, पेरू, केळे, सीताफळ. आजी घरी असेल तर तिला सांगा, "आई, पाच रुपयांऐवजी हा डबा द्या त्याच्या हातात." आजीला नातवाला काहीतरी द्यायचे असते, ती तिची माया आहे. ती माया अडवू नका, तिला फक्त वाट दाखवा.

आणि चहा! आपल्याकडे दोन-तीन वर्षांच्या पोरालाही बशीत चहा ओतून देतात. चहाने भूक मरते. शिवाय जेवणाबरोबर किंवा जेवणावर लगेच घेतलेला चहा अन्नातले लोह अंगाला लागू देत नाही. लहान मुलांना चहा देऊच नका. मोठ्यांनीही जेवण आणि चहा यांत निदान एक तासाचे अंतर ठेवावे.

दुधाविषयीही एक शब्द. डेअरीवर जाण्यापूर्वी घरातल्या प्रत्येक मुलासाठी एक पेला दूध बाजूला काढून ठेवा, मग कॅन भरा. पण दूध म्हणजे जेवण नव्हे. "काही खात नाही, म्हणून नुसतं दूधच पाजते," असे काही माऊल्या सांगतात. दुधात लोह फार थोडे असते आणि दुधाने पोट भरले की पोर भाकरी-भाजीला शिवत नाही. वर्षावरच्या मुलाला दिवसाला दोन पेले पुरेत.

दुसरी गोष्ट : ताटाची वाटणी करा

शेतात कामाची वाटणी असते. ताटावरही ती असावी. काय शिजवायचे, कधी वाढायचे आणि कुठे बसून जेवायचे, हे थोरांनी ठरवावे. वाढलेल्यातले काय आणि किती खायचे, हे मुलाला ठरवू द्यावे. दोघांनीही आपापला बांध कोरू नये.

आपण नेमके उलटे करतो. काय शिजवायचे हे पोराला विचारतो आणि किती खायचे हे आपण ठरवतो! पोराने भेंडी नको म्हटले की लगेच त्याच्यासाठी वेगळे काहीतरी करतो. उद्यापासून ताटात काही नवे किंवा नावडते आले की रडायचे, म्हणजे साखर-पोळी मिळते, हे ते दोन दिवसांत शिकते. मुले हुशार असतात.

तेव्हा घरात सर्वांना एकच स्वयंपाक. मात्र त्यात मुलाला आवडणारी एक तरी गोष्ट असावी, मग ती नुसती भाकरी असो, वरण असो की दही. नावडती भाजी चमचाभर वाढा आणि गप्प बसा. खाल्ली तर वाहवा नको, टाकली तर शिवी नको. पोर म्हणाले, "मला एवढेच पुरे," तर पुरे. पुढची खाण्याची वेळ येईपर्यंत मात्र मध्ये काही नाही. निरोगी मूल एक वेळ कमी जेवले म्हणून त्याला काही होत नाही. दुसऱ्या वेळी ते भुकेले होऊन येते आणि आपणहून जेवते.

मारून-मुटकून भरवलेला घास अंगाला लागत नाही. त्या अन्नाचीच शिसारी बसते. आमिषाचेही तसेच. "भाजी संपवलीस तर चॉकलेट देईन," असे म्हटले की पोराला काय कळते? भाजी ही शिक्षा आणि चॉकलेट हे बक्षीस! "बघ, काकांची पोरगी कशी सगळं खाते," असेही म्हणू नका. त्याने भाजीची गोडी लागत नाही, काकांच्या पोरीचा राग मात्र येतो.

आणि मोबाईल दाखवून भरवणे आजच बंद करा. पोराचे डोळे पडद्यावर असतात, तोंड यंत्रासारखे हलते. पोट भरले की नाही हे त्याचे त्यालाच समजत नाही.

तिसरी गोष्ट : एकदा नाही, दहा वेळा

पुष्कळ माऊल्या म्हणतात, "आमच्याकडे शेपू चालत नाही." किती वेळा वाढून पाहिला? एकदा, फार तर दोनदा. नव्या चवीची ओळख व्हायला मुलाला वेळ लागतो. एकच पदार्थ आठ-दहा वेळा, कधी त्याहूनही जास्त वेळा थोडा थोडा समोर आला, तर नाक मुरडणारी पुष्कळ मुले तो खाऊ लागतात, असे मुलांच्या आहाराचा अभ्यास करणाऱ्यांना वारंवार दिसून आले आहे. जबरदस्ती मात्र एकदाही नको. दर आठवड्याला एकदा चमचाभर शेपू ताटात येऊ द्या. चार महिन्यांनी काय होते ते पाहा.

पुष्कळदा दोष भाजीचा नसतो, तिखटाचा असतो. थोरांना झणझणीत लागते आणि पोराचे तोंड पोळते. भाजी शिजली की मुलांच्या वाटणीची आधी बाजूला काढावी आणि मग उरलेलीत तिखट घालावे. एवढ्या एका सवयीने कितीतरी घरांतली भांडणे मिटतील. मेथीची भाजी कडू लागत असेल तर तीच मेथी भाकरीच्या पिठात मळून थालीपीठ करा, मुगाच्या डाळीत शिजवा. वेश तोच, रूप निराळे.

पण या सगळ्यापेक्षा मोठी गोष्ट म्हणजे मूल ऐकून खात नाही, पाहून खाते. बाप ताटातली गवार बाजूला सारून लोणचे मागत असेल, तर लेकाला गवारीचे महत्त्व सांगण्यात काही अर्थ नाही. बाप बाजारहून येताना स्वतःसाठी वडापाव बांधून आणील, तर लेक पुडी मागणारच. भाऊ, ही गोष्ट तुम्हालाच सांगायची आहे. मुलांचे जेवण हे बायकांचे खाते, असे समजून हात झटकू नका. दिवसातून निदान एक वेळ सगळ्या घराने एका पंगतीला बसावे आणि सगळ्यांनी सगळे खावे. यासारखे दुसरे शिक्षण नाही.

पंगतीवरून आणखी एक सांगतो. आपल्याकडे अजूनही कितीतरी घरांत आधी पुरुष, मग पोरगे आणि शेवटी उरलेसुरले सुनेला व लेकीला, असे चालते. अंड्याचा मोठा वाटा पोराला, दुधाची साय पोराला. तेरा-चौदा वर्षांची लेक तर न्हाण आल्यापासून दर महिन्याला अंगातले रक्त गमावत असते. तिला लोह जास्त लागते आणि मिळते कमी. उद्या ती आई होणार. तिच्या अंगात रक्त नसेल तर तिच्या लेकराच्या अंगात कुठून येणार? लेकीचे ताट लेकाच्या बरोबरीने वाढा, ही या लेखातली सर्वांत स्वस्त आणि सर्वांत मोठी सूचना आहे.

चौथी गोष्ट : बाळपणापासून सुरुवात

सवय लागते ती पहिल्या घासापासून. सहा महिने पुरे होईपर्यंत बाळाला फक्त आईचे दूध. पाणीही नको, घुटीही नको, मधही नको. मध तर वर्षाच्या आतल्या बाळाला मुळीच देऊ नये, त्यातून गंभीर विषबाधा होऊ शकते. सहा महिने पुरे झाले की वरचे अन्न सुरू करावे आणि आईचे दूध दोन वर्षांपर्यंत व त्यापुढेही चालू ठेवावे.

इथे आपल्याकडे एक मोठी चूक होते. बाळाला वरणाचे वरचे पाणी, भाताची पेज असे पातळ पातळ देतात. पाण्याने पोट फुगते, बाळ वाढत नाही. वरणातली शिजलेली डाळच घ्या, भाताबरोबर चांगली कुस्करा, त्यावर चमचाभर तूप किंवा तेल घाला. चमचा तिरका केला तरी घास ओघळता कामा नये, इतके ते दाट हवे. मुगाची मऊ खिचडी, नाचणीचे सत्त्व, कुस्करलेले केळे, उकडलेला भोपळा, शिजलेले अंडे, हे सगळे चालते. वर्षापर्यंत वेगळे मीठ-साखर घालू नका. बाळाला त्याची गरज नसते आणि आपल्या जिभेच्या चवीने त्याचा घास चाखून पाहू नये. वर्षाचे झाले की बिनतिखटाचे घरातलेच जेवण, त्याच्या स्वतंत्र वाटीत. स्वतंत्र वाटी असली की बाळाने खरोखर किती खाल्ले ते समजते.

अख्खे शेंगदाणे, फुटाणे मात्र चार-पाच वर्षांपर्यंत देऊ नका, श्वासनलिकेत अडकण्याची भीती असते. दाण्याचे कूट करून द्या. वर डब्याविषयी सांगितले ते शाळेत जाणाऱ्या मुलांसाठी.

आपल्याच शिवारात काय नाही?

पौष्टिक म्हटले की काहींना शहरातले महागडे डबे आठवतात. त्याची मुळीच गरज नाही. बाजरीच्या १०० ग्रॅममध्ये सहा मिलिग्रॅमहून अधिक लोह असते, तर पॉलिश केलेल्या पांढऱ्या तांदळात एक मिलिग्रॅमही नसते. हाडे-दातांना लागणारे कॅल्शियम नाचणीच्या १०० ग्रॅममध्ये सुमारे ३५० मिलिग्रॅम असते, म्हणजे तेवढ्याच वजनाच्या दुधाच्या जवळजवळ तिप्पट. कोकणातल्या आजीबाई नातवाला नाचणीची आंबील पाजत, त्या काही पुस्तक वाचून नव्हे!

नुसती भाकरी मात्र पुरेशी नाही. तिच्याबरोबर काहीतरी डाळ-कडधान्य हवे आणि काहीतरी आंबट किंवा ताजे हवे. मटकी, हुलगे, मूग यांना मोड आणून उसळ करा आणि वर लिंबू पिळा. लिंबू, आवळा, पेरू, कच्चा टोमॅटो यांतल्या क जीवनसत्त्वाने अन्नातले लोह अंगाला जास्त लागते. खानदेशात ज्वारीत उडीद घालून कळण्याची भाकरी करतात. विदर्भात जवसाची चटणी आणि अंबाडीची भाजी आहे. पावसाळ्यात बांधाबांधावर तांदुळजा, घोळ, टाकळा, कुर्डू उगवतात. शेवग्याची पाने तर फुकटच. भोगीच्या दिवशी आपण तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि वाल, पावटा, गाजर, बोरे, ओला हरभरा अशी मिसळीची भाजी करतो. तो एकच दिवस डोळ्यांपुढे ठेवा आणि वर्षातून एकदा करतो ते आठवड्यातून एकदा करा, मग तुम्हाला वेगळा आहारतक्ता लागणार नाही.

बियाणे निवडतानाही मुलांचा विचार करता येतो. बाजरीचा धनशक्ती नावाचा जास्त लोह असलेला वाण २०१२ साली महाराष्ट्रात प्रसारित झाला. महाराष्ट्राच्याच ग्रामीण भागात १२ ते १६ वर्षांच्या मुलामुलींना सहा महिने अशा लोहयुक्त बाजरीच्या भाकरी खाऊ घालून पाहण्यात आले. ज्यांच्या अंगात मुळात लोह कमी होते, त्यांची कमतरता साधी बाजरी खाणाऱ्यांपेक्षा लवकर भरून आली. हे निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध झाले. विकायला काहीही पेरा. घरी खायला चार-पाच गुंठे अशी बाजरी जरूर पेरा.

पोराच्या हाती एक वाफा द्या

अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांचे नाव तुम्ही ऐकले असेल. नातू सारखा आजारी पडू लागला तेव्हा आपल्या ताटातल्या अन्नाचाच विचार त्यांनी केला आणि गावठी बियाणे जपायला सुरुवात केली. २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. एका आजीने नातवासाठी केलेला विचार केवढा मोठा झाला पाहा!

तुम्ही एवढेच करा. मोरीजवळची हातभर जागा पोराला द्या. त्यात त्याच्याच हाताने मेथी फेकू द्या, रोज तांब्याभर पाणी घालू द्या. महिन्याभरात मेथी काढायला येईल. स्वतः पेरलेली, स्वतः खुडलेली, आईबरोबर बसून निवडलेली मेथी पोर सहसा नाकारत नाही. उलट सगळ्यांना सांगत सुटते, "ही माझी मेथी आहे!" जोडीला एक शेवगा, एक पपई, एक लिंबू लावा. एक गोष्ट मात्र कटाक्षाने पाळा. फवारणी केलेल्या रानातली भाजी औषधाच्या डब्यावर लिहिलेली मुदत संपल्याशिवाय घरात आणू नका, आणि औषधाचे रिकामे डबे पाण्याला किंवा धान्याला कधीही वापरू नका.

गावानेही हात लावावा

एका घराने ठरवून भागत नाही. शेजारचे पोर पुडी खात असले की आपलेही मागते. म्हणून ही गोष्ट ग्रामसभेत काढा. शाळेच्या आवारात आणि फाटकापासून ५० मीटरच्या आत जास्त चरबी, मीठ किंवा साखर असलेले पदार्थ शाळेच्या मुलांना विकू नयेत, असा नियम २०२० पासून आहे. दुकानदार आपल्याच गावचा, आपलाच भाऊबंद असतो. त्याच्याशी भांडू नका. त्याला सांगा, "दाराशी पुड्यांच्या जागी फुटाणे, शेंगा, राजगिऱ्याची चिक्की, केळी टांग. आम्ही तीच घेऊ."

अंगणवाडीत पोराचे वजन दर महिन्याला करून घ्या. सलग दोन-तीन महिने वजन वाढले नाही तर ताईंना आणि डॉक्टरांना विचारा. तिथे घरगुती उपाय करत बसू नका. शाळा-अंगणवाडीत मिळणारी जंतनाशक गोळी चुकवू नका, कारण पोटात जंत असले तर तुमच्या बाजरीतले लोह पोराच्या आधी ते खातात. जेवणाआधी आणि परसाकडून आल्यावर साबणाने हात धुण्याची सवय लावा. आणि पोराने शाळेत दुपारी काय खाल्ले ते रोज विचारा. तुम्ही विचारता आहात हे कळले की शाळेतला स्वयंपाकही सुधारतो.

उद्यापासून एकच

मायबहिणींनो, बंधूंनो, हे सगळे एका दिवसात होणार नाही आणि करूही नका. उद्यापासून फक्त शाळा सुटल्यानंतरचा डबा सुरू करा. पहिले चार दिवस पोर रडेल, पाय आपटेल, आजीकडे जाईल. घरातल्या सगळ्यांनी आधी एकमत करून ठेवा आणि त्या चार दिवसांत कोणीही पाच रुपये काढू नका. आठवड्याने रात्रीच्या ताटावर पोराकडे लक्ष द्या.

ज्या दिवशी ते दारातूनच ओरडत येईल, "आई, भूक लागली, वाढ लवकर!" त्या दिवशी वाफसा आला असे समजा. मग जे पेराल ते उगवेल.